पहिलाच गुन्हा आहे? निकालाच्या दिवशी प्रोबेशन मागा

बांधावरच्या भांडणात काठी चालली, डोकं फुटलं आणि काही वर्षांनी कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात ‘दोषी’ असा निकाल आला. घरचे विचारतात, दंडावर भागेल का? पण दंड हीसुद्धा शिक्षाच. त्याआधी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ बघा. कोर्टात सगळे त्याला नुसतं ‘प्रोबेशन’ म्हणतात.

ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, त्यात कलम ४ खाली कोर्ट शिक्षा न सुनावता जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं. दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी कधी दोषी ठरलेला नसेल तर, कलम ३ खाली नुसती समजही पुरते. वय २१ च्या आत असेल तर तुरुंगात पाठवण्याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. वय धरतात ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं, भांडणाच्या दिवशीचं नव्हे. बेदरकार गाडी चालवून जीव घेतला असेल तर मात्र आशा कमीच ठेवा; सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अशा चालकाला प्रोबेशन नाकारलं होतं.

छापील फॉर्म नसतो. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत म्हणणं विचारतात, तेव्हाच वकिलामार्फत लेखी अर्ज द्यायचा. नेमक्या याच वेळी बरेच जण हात जोडून ‘साहेब, दया करा’ एवढंच म्हणतात आणि कागद घरी राहतात. आधार, रेशन कार्ड, घरफाळ्याची पावती, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, कामाच्या ठिकाणचं पत्र, घरात आजारी माणूस असेल तर दवाखान्याचे कागद, एवढं पिशवीत असू द्या. तुमचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता वा नियमित कामधंदा कोर्ट बघतं, म्हणून जामीनदार सातबारा घेऊन हजर हवा. कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवालही मागवतं. तो अधिकारी घरी आला तर दार लावून घेऊ नका. जखमी माणसाला भरपाई द्यायची तयारी अर्जात लिहिली तर वजन पडतं, कारण कलम ५ खाली कोर्ट ती द्यायला लावू शकतं.

खालच्या कोर्टाने नाकारलं तरी अपिलात मागता येतं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचली.

प्रोबेशन मिळालं तर कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. पण सरकारी नोकरी त्याने आपोआप वाचत नाही. मूळ वर्तनावरून खातं कारवाई करू शकतं.

बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर कलम ९ खाली कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. आकडा १९५८ चाच आहे. पण त्याच कलमात मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावण्याचाही अधिकार आहे.