गेलिक फुटबॉलमधील मारामाऱ्या आणि शिस्तीचे नियम : पार्श्वभूमी

गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो. अंगावर धडकता येते, पण प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून खाली पाडता येत नाही. आयर्लंडच्या या खेळातल्या बहुतेक भांडणांचे मूळ याच एका वाक्यात आहे. रग्बीत टॅकल म्हणजे काय हे ठरलेले असते, माणूस पकडा आणि पाडा. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये चेंडू पायाने काढून घ्यायचा असतो. गेलिक फुटबॉलने या दोन्हींच्या मधली वाट धरली. खांद्याला खांदा लावून बाजूने धक्का द्यायचा, तोही एक पाय जमिनीवर ठेवून. चेंडू काढून घ्यायचा तर उघड्या तळव्याने चेंडूवरच थाप मारायची. चेंडू छातीशी धरून पूर्ण वेगात धावणाऱ्या माणसावर हा नियम पाळून दाखवणे फार अवघड. म्हणून प्रत्येक टॅकल हा फाउल की खेळ, यावर मैदानावरच्या ३० जणांची ३० मते असतात आणि शिट्टी एकाच माणसाच्या हातात असते.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची, म्हणजे जीएएची स्थापना झाली. त्याआधी हा खेळ गावागणिक वेगळा होता. काही भागांत तो मैदानात नव्हे तर शेतांतून, दोन गावांच्या शिवेपर्यंत चाले आणि माणसे किती, याला धरबंध नसे. १८८५ मध्ये मॉरिस डेव्हिन यांनी फुटबॉलचे पहिले नियम लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे चेंडूपेक्षा माणसांना आवरण्याचा प्रश्न मोठा होता. मागून ढकलणे, पाय अडकवणे, मागून धरणे आणि डोक्याने ढुशी मारणे हे त्यांनी फाउल ठरवले. असे करणाऱ्याला पंचाला वाटेल तितका वेळ बाजूला उभे करायचे आणि त्याच्या जागी दुसरा माणूस द्यायचा नाही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे संघाला काही काळ एक माणूस कमी ठेवण्याची कल्पना या खेळात पहिल्याच नियमावलीत होती. पुढे ती मागे पडली आणि परत यायला शतकाहून अधिक काळ गेला.

सुरुवातीला आणखी एक गोष्ट चाले. दोन खेळाडू एकमेकांना भिडले तर चेंडू सोडून त्यांनी तिथेच कुस्ती धरायची, एक पडेपर्यंत. एका संघात २१ माणसे असत, तेव्हा मैदानात एकाच वेळी अशा कितीतरी जोड्या झुंजत असायच्या. १८८६ मध्ये कुस्ती नियमाने बंद झाली. संघ १८९२ मध्ये १७ जणांचा आणि १९१३ मध्ये १५ जणांचा झाला. खेळ मोकळा होण्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे. मात्र 'भिडलात तर मागे हटू नका' ही जुनी अपेक्षा प्रेक्षकांच्या मनातून कुस्तीइतक्या लवकर गेली नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा खेळ हौशी आहे. काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या संघाकडून, खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवतो किंवा बँकेत बसतो. त्याला पगार नाही, म्हणून पगार कापण्याची शिक्षाही नाही. दंड होतो तो काउंटी बोर्डाला. खेळाडूपुरते हत्यार एकच, त्याला खेळू न देणे. त्यामुळे शिस्तीचा सगळा इतिहास शेवटी एकाच प्रश्नापाशी येतो, कुणाला किती काळ बाहेर बसवायचे आणि ते बसवणे टिकते का.

१९४३ च्या ऑल-आयर्लंड फायनलची फेरलढत रॉसकॉमन आणि कॅव्हन या काउंटींमध्ये झाली. तीत खेळाडू मैदानाबाहेर गेलाच, शिवाय शेवटी पंचांच्या गटावरही हात उगारला गेला आणि त्यावरून निलंबने झाली. १९६५ च्या गॉलवे-केरी फायनलमध्ये तिघांना बाहेर काढले गेले. पण ज्या सामन्याचे नाव आजही निघते तो १९८३ चा.

१८ सप्टेंबर १९८३, क्रोक पार्क, डब्लिन विरुद्ध गॉलवे. पाऊस, जोरदार वारा, सुमारे ७२ हजार माणसे. डब्लिनचे ब्रायन मलिन्स, रे हेझली आणि किअरन डफ हे तिघे बाहेर गेले, गॉलवेचा टोमास टिअर्नी एकटा. उत्तरार्धाचा बराचसा भाग डब्लिन १२ जणांनी खेळले, समोर १४. तरीही ते १-१० विरुद्ध १-८ असे जिंकले. (तेव्हा गोलाचे ३ गुण आणि बारवरून मारलेल्या चेंडूचा १, म्हणजे १३ विरुद्ध ११.) 'डर्टी डझन' हे नाव त्या संघाला कायमचे चिकटले. मध्यंतराला खेळाडूंच्या बोगद्यातही झटापट झाली, असे नंतर वर्षानुवर्षे बोलले गेले. त्या दिवसाचा खरा धडा कागदावरच्या नियमापेक्षा वेगळा होता. तीन माणसे गमावूनही चषक मिळू शकतो हे साऱ्या देशाने पाहिले. माणूस कमी होण्याची शिक्षा पुरेशी आहे, हे गृहीतक त्या दिवशी डळमळले.

१९९६ चा प्रसंग पंचांच्या बाजूने पाहण्यासारखा आहे. मीथ आणि मेयो यांची फायनल बरोबरीत सुटली आणि २९ सप्टेंबरला फेरलढत झाली. पहिल्या काही मिनिटांतच गोलसमोर वीसहून अधिक खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. पंच होते मोनाहनचे पॅट मॅकएनेनी. नियमाप्रमाणे पाहायचे तर निम्मा संघ बाहेर काढावा लागला असता आणि सामना तिथेच संपला असता. त्यांनी अंपायरांशी, म्हणजे गोलखांबांपाशी उभ्या असलेल्या साहाय्यकांशी, बोलून दोन्हीकडचा एकेक निवडला, मीथचा कॉम कॉयल आणि मेयोचा लिअम मॅकहेल. कागदावर हिशेब बरोबर. पण मॅकहेल मेयोच्या मधल्या फळीचा आधार होता आणि कॉयल बचावातला होता. मीथ २-९ विरुद्ध १-११ असे एका गुणाने जिंकले. मेयोने शेवटचा चषक १९५१ मध्ये उचलला होता, त्यानंतर आजवर नाही. त्यामुळे तिथल्या माणसांशी बोलताना ही जोडी अजूनही निघते. सामूहिक मारामारीत 'दोन्हीकडचा एक' हा तोडगा पंच का काढतात हे यावरून कळते. २० जणांच्या घोळक्यात कोणी पहिला ठोसा मारला, कोण सोडवत होता आणि कोण सोडवण्याच्या नावाखाली मारत होता, हे एका माणसाला दिसूच शकत नाही.

५ फेब्रुवारी २००६ रोजी टिरोनमधल्या ओमा गावी, हीली पार्कवर टिरोन आणि डब्लिन यांचा लीगचा सामना झाला. वारंवार धुमश्चक्री उडाली, पंच पॅडी रसेल यांनी चौघांना बाहेर काढले. मैदानापेक्षा नंतर जे झाले ते अधिक बोलके आहे. चित्रफिती पाहून आणखी खेळाडूंवर आरोप ठेवले गेले आणि ती प्रकरणे कार्यपद्धतीच्या मुद्द्यांवर ढासळली. कुणी निर्दोष होते म्हणून नव्हे, तर आरोप ज्या शब्दांत आणि ज्या क्रमाने ठेवले गेले तो क्रम टिकला नाही म्हणून.

ही वाट समजून घेण्यासारखी आहे. पंचाचा अहवाल केंद्रीय स्पर्धा नियंत्रण समितीकडे जातो आणि ती शिक्षा सुचवते. सुचवते, देत नाही. खेळाडू मान्य करू शकतो किंवा केंद्रीय सुनावणी समितीपुढे जाऊ शकतो. तिथून केंद्रीय अपील समिती आणि शेवटी वाद निवारण प्राधिकरण, म्हणजे डीआरए. २००५ पासून हे प्राधिकरण काम करते. त्याआधी खेळाडू थेट हायकोर्टातून स्थगिती आणू लागले होते, ते थांबवण्यासाठीच ते उभे केले. चार पायऱ्यांच्या या जिन्यात प्रत्येक पायरीवर वकिलाला पकडता येईल असा कठडा आहे. शिवाय चित्रफितीलाही मर्यादा आहे. पंचाने एखादा प्रसंग पाहून त्यावर निर्णय दिला असेल तर समिती त्याला एवढेच विचारू शकते की, तुझा निर्णय तुला योग्य वाटतो का. त्याने 'हो' म्हटले की फाइल बंद.

२०१५ मध्ये हे टोकाला गेले. डब्लिन-मेयो सेमीफायनलमध्ये डब्लिनच्या डिअरमुइड कॉनोलीला लाल कार्ड मिळाले. सामना बरोबरीत सुटला आणि फेरलढत ५ सप्टेंबरला होती. सुनावणीत हरला, अपिलात हरला, आणि डीआरएने सामन्याच्याच दिवशी पहाटे निलंबन उठवले. तो त्या दिवशी संघात होता. दोन वर्षांनी कार्लोविरुद्ध लाइन्समनला हात लावल्याबद्दल त्याच खेळाडूला १२ आठवडे मिळाले, तेव्हा त्याने अपील केले नाही आणि तो उन्हाळा जवळपास बाहेर काढला. २००८ मध्ये केरीचा कर्णधार पॉल गाल्विन याने पंचाच्या हातातली नोंदवही फटकारून खाली पाडली होती. त्याला आधी २४ आठवडे सुनावले गेले, नंतर ते १२ वर आले. पंचाला किंवा लाइन्समनला लागलेला हात आठवड्यांत मोजतात आणि खेळाडूला मारलेला ठोसा सामन्यांत. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो योग्य आहे. आठवड्यांची शिक्षा सगळ्या पातळ्यांवर लागू होते, क्लबकडूनही खेळता येत नाही. सामन्यांची शिक्षा त्याच पातळीवर फेडायची असते. पूर्वी खेळाडूला मारल्याबद्दलही चार आठवडेच असत आणि पुढचा सामना पाच आठवड्यांनी असला की शिक्षा घरी बसून आपोआप संपे. म्हणून तिथे सामन्यांचे माप आणले.

मारामारीपेक्षा रोजचा त्रास होता तो थंड डोक्याने केलेल्या फाउलचा. गोलकडे निघालेल्याला कमरेतून धरून पाडायचे, पिवळे कार्ड घ्यायचे, एक गुण द्यायचा आणि तीन वाचवायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिवळी-लाल कार्डे आली, पण हे गणित बदलले नाही. २००५ मध्ये सिन-बिनचा, म्हणजे खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसवण्याचा, प्रयोग सुरू होताच गुंडाळला गेला. २००९ मध्ये लीगपुरता आणलेला बदल जीएएच्या वार्षिक काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेत, दोन तृतीयांश मतांअभावी थोडक्यात पडला. शेवटी यूजीन मॅकगी यांच्या समितीच्या शिफारशीवरून मार्च २०१३ मध्ये डेरीच्या काँग्रेसने काळे कार्ड मंजूर केले आणि १ जानेवारी २०१४ पासून ते लागू झाले. मुद्दाम खाली ओढणे, मुद्दाम पाय घालणे, चेंडू सोडून दिलेल्या माणसाला मुद्दाम धडक देऊन अडवणे, शिवीगाळ, पंचांशी आक्रमक हुज्जत, या पाचांसाठी बाहेर जायचे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये टिरोनच्या शॉन कॅव्हनाने मोनाहनच्या खेळाडूला गोलसमोर खाली ओढले आणि टीव्हीवर मोठा गदारोळ झाला. त्यातूनच काळे कार्ड आले असे अनेकजण सांगतात. ते तेव्हा पाच महिने आधीच मंजूर झालेले होते.

त्या कार्डात एक भोक होते. बाहेर गेलेल्याच्या जागी बदली खेळाडू येई. २०१७ च्या फायनलमध्ये डब्लिन एका गुणाने पुढे होते, वेळ संपत आली होती आणि मेयोच्या गोलकीपरला किक-आउट, म्हणजे गोलपासून चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक, घ्यायची होती. डब्लिनच्या खेळाडूंनी समोरच्यांना धरून खाली पाडले आणि मेयोला चेंडू द्यायला मोकळा माणूसच उरला नाही. किअरन किल्केनीला काळे कार्ड मिळाले, पण राहिलेल्या सेकंदांत त्याला काय किंमत होती? सामना १-१७ विरुद्ध १-१६ असा सुटला. त्याच सामन्यात बदला घेण्याची किंमतही दिसली. डब्लिनच्या जॉन स्मॉलने फाउल केला, मेयोला मारता येण्याजोगी फ्री (फाउलबद्दलची मोकळी किक) मिळणार होती. तेवढ्यात मेयोचा डोनल वॉन धावत येऊन स्मॉलवर आदळला. दोघेही बाहेर गेले, फ्री रद्द झाली आणि चेंडू दोघांमध्ये उडवला गेला. एका गुणाने हरलेल्या संघासाठी तो सामन्यातला सर्वांत महाग धक्का होता, असे मला ठामपणे वाटते. १ जानेवारी २०२० पासून काळे कार्ड म्हणजे दहा मिनिटे बाहेर, बदली नाही. १८८५ ची कल्पना अशी परत आली.

२६ जून २०२२ ला क्रोक पार्कवर आर्मा आणि गॉलवे यांची क्वार्टर-फायनल पूर्णवेळेनंतर बरोबरीत होती. जादा वेळेआधी दोन्ही संघ एकाच कोपऱ्यातल्या बोगद्याकडे निघाले आणि तिथे राडा झाला. आर्माच्या ट्रॅकसूटमधल्या एका सदस्याची बोटे गॉलवेच्या डेमिअन कोमरच्या डोळ्यात गेलेली साऱ्यांनी टीव्हीवर पाहिली. तो त्या दिवसाच्या २६ जणांच्या यादीत नव्हताच. त्याला २४ आठवडे मिळाले. पंचांनी दोन्ही कर्णधारांना लाल कार्डे दाखवली, म्हणजे १९९६ चाच तोडगा, आणि गॉलवेच्या कर्णधाराचे कार्ड सुनावणीत रद्द झाले. १९८३ नंतर जवळपास ४० वर्षांनी पुन्हा बोगदाच. दोन दमलेले, चिडलेले संघ, त्यांचे राखीव खेळाडू, फिजिओ आणि प्रशिक्षक एका अरुंद दारातून एकाच वेळी पाठवले तर कार्डाचा रंग कोणताही असो, तो कामाला येत नाही. एका संघाला दोन मिनिटे थांबवणे हा फुकटातला उपाय आहे.

जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले आणि २०२५ च्या हंगामापासून लागू झालेले नियम म्हणूनच मला शिक्षांपेक्षा मोलाचे वाटतात. ते ठिणगीवर पाणी टाकतात. फ्री दिली गेली की चेंडू समोरच्याच्या हातात द्यायचा. लांब फेकला, धरून ठेवला किंवा पंचाशी वाद घातला तर फ्री ५० मीटर पुढे जाते आणि बहुधा गुण जातो. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे. सुरुवातीच्या थ्रो-इनला, म्हणजे पंच चेंडू मधे उडवतो तेव्हा, मध्यभागी चारऐवजी दोघेच, कारण त्या चौघांची ओढाताण पहिल्याच सेकंदाला तापमान ठरवत असे. चेंडू हिसकावण्यावरून सुरू होणाऱ्या बाचाबाच्या पहिल्याच हंगामात डोळ्यांना दिसण्याइतक्या कमी झाल्या.

क्लबच्या मैदानावर मात्र हिशेब वेगळा आहे. काउंटीच्या मोठ्या सामन्याला एक पंच, दोन तटस्थ लाइन्समन, चार अंपायर आणि बाजूला आणखी एक अधिकारी असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रॉसकॉमनमध्ये मुलांच्या एका सामन्यात पंचावर हल्ला झाला, त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि काउंटीने त्या आठवड्यातले सामने पुढे ढकलले. अशा सामन्यांना कॅमेरा नसतो. अंपायर म्हणून पंच आपल्याच क्लबातले मित्र किंवा घरचे लोक गाडीत घालून आणतो आणि लाइन्समन बहुतेक वेळा खेळणाऱ्या दोन क्लबांनीच एकेक दिलेला असतो.