पाळी जाण्याचं वय आणि नोकरी : गप्प राहण्यामागचा इतिहास

१९७० साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका समितीत वाद झाला. हवाईतून निवडून आलेल्या काँग्रेस सदस्य पॅट्सी मिंक यांचा आग्रह होता, की स्त्रियांच्या हक्कांना पक्षाने अग्रक्रम द्यावा. समितीतले दुसरे एक सदस्य, शल्यविशारद डॉ. एडगर बर्मन, यांनी त्यावर संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) मुद्दा काढला. राष्ट्राध्यक्षपदी रजोनिवृत्तीच्या वयातली स्त्री असेल आणि तिला बे ऑफ पिग्जसारख्या (क्यूबावरच्या फसलेल्या हल्ल्यासारख्या) प्रसंगी निर्णय घ्यायची वेळ आली तर काय होईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बातमी बाहेर फुटली, मिंक यांनी प्रकरण लावून धरलं आणि बर्मन यांना समिती सोडावी लागली.

आज अनेक मोठ्या आस्थापनांत मेनोपॉजसाठी, म्हणजे रजोनिवृत्तीसाठी, लेखी धोरण असतं, कामाच्या वेळेत सवलत असते, आरोग्य विम्यात सल्ल्याची सोय असते. हे वाचून साहजिकच प्रश्न पडतो, की इतकी वर्षं बायका बोलल्या का नाहीत? लाज हे उत्तर सर्रास दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पाळी जाण्याचं वय ही गोष्ट स्त्रीच्या कुवतीविरुद्ध पुरावा म्हणून इतक्यांदा वापरली गेली होती, की कामाच्या ठिकाणी तिचा उच्चार करणं म्हणजे आपल्या हाताने समोरच्याला हत्यार देणं होतं. या विषयाचा इतिहास वाचताना हे विसरलं, तर पुढचं काहीच नीट उलगडत नाही.

‘मेनोपॉज’ हा शब्द फार जुना नाही. चार्ल्स द गार्दान या फ्रेंच वैद्याने तो १८२१च्या सुमारास रूढ केला. त्याआधी या वयाला ‘संकटकाळ’ अशा अर्थाचीच नावं होती. शब्द बदलला तरी नजर तीच राहिली. लंडनचे डॉक्टर एडवर्ड टिल्ट यांनी १८५७ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या उपचारांत पोटावर बेलाडोनाची पट्टी आणि शिशाच्या क्षाराचं द्रावण अशा गोष्टी होत्या. शिसं विषारी असतं हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ब्रिटनमध्ये अनेक नोकऱ्यांत लग्न झालं की स्त्रीला राजीनामा द्यावा लागे. जी टिकून राही, तिच्याबद्दल पन्नाशीत ही कामाची राहणार नाही असा समज असे. तिथल्या डॉक्टर स्त्रियांच्या महासंघाने एक हजार स्त्रियांची माहिती गोळा केली आणि १९३३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. बहुतेकींना काही ना काही त्रास होत होता. अंगातून गरम वाफा येत होत्या, घाम फुटत होता. तरीही जवळपास नऊशे जणींनी सांगितलं, की त्यामुळे आमचं रोजचं काम एक दिवसही अडलं नाही.

त्या काळात हे आकडे ढालीसारखे होते. आम्ही आजारी नाही, आम्हाला घरी बसवू नका, हे डॉक्टर स्त्रियांना ठणकावून सांगायचं होतं आणि त्यांनी ते सांगितलं. मात्र त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही दिसते. त्रास होत असताना, तो कोणालाही न सांगता, काम रेटत राहायचं ही रीत तेव्हाच पक्की झाली होती.

दरम्यान प्रयोगशाळेत बीजकोशाचं (अंडाशयाचं) रसायन उलगडत होतं. १९२९ साली एडवर्ड डॉइझी आणि अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन गटातलं स्त्री-संप्रेरक वेगळं काढलं. १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेलं प्रेमारिन हे इस्ट्रोजेनचं औषध अमेरिकेत विक्रीला आलं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांच्या पुस्तकाने धुमाकूळ घातला. रजोनिवृत्ती हा इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा रोग आहे आणि गोळी घेतली की तारुण्य टिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. गोळ्यांचा खप वाढला. १९७५ साली नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग जास्त आढळतो असं दिसलं, आणि ज्यांचं गर्भाशय शाबूत आहे त्यांना सोबत प्रोजेस्टोजेन हे अस्तराचं रक्षण करणारं दुसरं संप्रेरक देण्याची पद्धत रुळली.

नंतर आली २००२ची जुलै. अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासातला दोन्ही संप्रेरकं एकत्र देण्याचा भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. औषध घेणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त निघाले. मथळे भयंकर होते. जगभर लाखो स्त्रियांनी औषध सोडलं, डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं उलटली होती, हा तपशील मथळ्यांत आला नाही. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी फायद्याचं पारडं जड असतं, ही समज रुजायला पुढची अनेक वर्षं लागली. त्या मधल्या काळात पन्नाशीतल्या स्त्रीला डॉक्टरकडेही फारसं काही मिळत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच काळात त्या वयाच्या स्त्रिया पूर्वी कधी नव्हत्या इतक्या संख्येने नोकरीत होत्या. पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात जाते. अनुभव, पद आणि जबाबदारी शिखरावर असण्याचंही हेच वय. ‘स्वान’ या दीर्घकाळ चाललेल्या अमेरिकी अभ्यासात गरम वाफांचा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकतो असं २०१५ साली दिसलं. सात वर्षं म्हणजे चार दिवसांच्या रजेत निभावून नेण्याची गोष्ट नव्हे.

या वाफांमागची शरीराची चालही समजून घ्यायला हवी, कारण कामाच्या जागेशी तिचा थेट संबंध आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान एका पट्ट्यात राखतो. इस्ट्रोजेन घटलं की हा पट्टा अरुंद होतो. एरवी जाणवणारही नाही एवढी उष्णता वाढली, तरी शरीर ती बाहेर टाकण्यासाठी धडपडतं. चेहरा लाल होतो, घाम सुटतो, छाती धडधडते. अशा वेळी कृत्रिम धाग्याचा जाड गणवेश, न उघडणारी खिडकी, जागेवरून उठायची मुभा नसलेलं काउंटर या गोष्टी त्रास दुप्पट करतात. रात्रीच्या घामाने झोप मोडते, मग दिवसा नावं आठवत नाहीत, बैठकीत शब्द सापडत नाही. त्यामुळे टेबलावरचा पंखा किंवा सुती गणवेश मागणं हे लाड मुळीच नव्हेत.

कामाच्या ठिकाणी या विषयाला पहिल्यांदा गंभीरपणे हात घातला तो कामगार संघटनांनी. ब्रिटनच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसने २००३ साली सुरक्षा प्रतिनिधींकडून माहिती घेऊन अहवाल काढला. २०१० साली नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अमांडा ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी दहा संस्थांतल्या ८९६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या जणींना काम सांभाळणं जड जात होतं. या त्रासासाठी ज्यांनी रजा घेतली होती, त्यांतल्या निम्म्याच जणींनी वरिष्ठाला खरं कारण सांगितलं होतं. बाकीच्यांनी काय कारण दिलं असेल याचा अंदाज कोणत्याही नोकरदार बाईला करता येईल.

खरा धक्का दिला तो नोकरीतले वाद सोडवणाऱ्या ब्रिटनच्या लवादांनी. २०१२च्या एका खटल्यात एका स्त्रीला कामगिरी घसरली म्हणून काढलं होतं. तिने डॉक्टरचं पत्र दिलं होतं, पण वरिष्ठाने पुढे वैद्यकीय मत मागवलंच नाही. आपल्या बायकोला काय झालं होतं यावरून त्याने निष्कर्ष काढला. दुसऱ्या कुठल्या दुखण्याबाबत तो असं वागला नसता, म्हणून हा लिंगभेद आहे, असं लवादाने म्हटलं. २०१८ साली स्कॉटलंडमधल्या एका न्यायालयीन कर्मचारी स्त्रीचा निकाल आला. वीस वर्षं बिनतक्रार नोकरी. रजोनिवृत्तीच्या काळातल्या त्रासामुळे ती औषध पाण्यात मिसळून घेत असे. एके दिवशी न्यायालयातल्या दोघांना तिने तिच्या भांड्यातलं पाणी पिताना पाहिलं. आपण औषध घातलं होतं की नाही हे तिला आठवेना, म्हणून तिने काळजीने त्यांना सावध केलं. पाण्यात औषध नव्हतंच. तरीही तिला बडतर्फ केलं गेलं. लवादाने तिच्या त्रासाला अपंगत्वाचं कायदेशीर संरक्षण लागू केलं, तिला नोकरीत परत घ्यायला लावलं आणि सुमारे १९ हजार पौंड द्यायला सांगितले. ती जे विसरली ते तिच्या त्रासाचं लक्षण होतं आणि तिने दिलेला इशारा हा प्रामाणिकपणा होता. शिक्षा मात्र दोन्हींची झाली होती. हा निकाल वाचताना आजही राग येतो.

यानंतर हालचालींना वेग आला. २०१९ साली चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीने आपलं धोरण जाहीर केलं आणि इतरांनी तो नमुना उचलला. ब्रिटिश संसदेच्या समितीने जुलै २०२२ मध्ये मेनोपॉज रजेचा प्रयोग करून पाहा अशी शिफारस केली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ती नाकारली. स्वतंत्र रजा द्यावी की नाही यावर स्त्रियांतही एकमत नाही, आणि १९३३ची ढाल आठवली की त्याचं नवल वाटत नाही. वेगळी रजा म्हणजे पन्नाशीतली बाई घेऊच नका असा अर्थ कोणी काढला तर, ही शंका पोकळ नाही. म्हणूनच मला वेगळ्या रजेपेक्षा लवचीक वेळ, आजारपणाच्या रजेत या त्रासाचा स्पष्ट समावेश आणि उपचारांचा खर्च या तीन गोष्टी जास्त भरवशाच्या वाटतात.

उपचारांच्या बाजूनेही आता हाताशी बरंच आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ संस्थांतल्या १२४ नोकरदार स्त्रियांपैकी काहींना बोधात्मक वर्तनोपचारावर (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारावर) आधारलेली स्वयंमदत पुस्तिका दिली. चार आठवडे घरीच वाचून सराव करायचा होता. वाफांचा जाच त्यांना कमी वाटू लागला. २०२३ साली संप्रेरक नसलेलं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. ते थेट मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी ४,४४० स्त्रियांच्या पाहणीवरून काढलेला आकडा प्रसिद्ध झाला. या त्रासाने बुडालेल्या कामाच्या वेळेमुळे अमेरिकेचं वर्षाला १.८ अब्ज डॉलरचं नुकसान होतं. कंपन्यांच्या विमा योजनांत मेनोपॉजच्या तज्ज्ञाचा ऑनलाइन सल्ला, समुपदेशन आणि औषधांचा खर्च यांना जागा मिळू लागली, त्यात अशा हिशेबांचा मोठा वाटा आहे. बायकांचं म्हणणं ऐकायला पैशाची भाषा लागली याचं वाईट वाटतं, पण सोय झाली ती झाली.

जून २०२५ मध्ये ऱ्होड आयलंड हे कामाच्या ठिकाणी मेनोपॉजसाठी सोयी देणं कायद्याने बंधनकारक करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. ब्रिटनच्या नव्या रोजगार कायद्यात २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मेनोपॉजच्या मदतीचा आराखडा प्रसिद्ध करावा अशी तरतूद आहे. दहा-वीस जणींच्या दुकानात, कंत्राटावर सफाईच्या किंवा रुग्णसेवेच्या कामात असलेली स्त्री या मर्यादेच्या बाहेर राहते. तिला विमा नसतो, बसायला खुर्ची नसते, आणि रजा घेतली तर त्या दिवसाचा पगार नसतो. रजेचं खरं कारण ती आजही सांगत नाही.