श्रेय क्वार्टरबॅकचं किती, बाकीच्यांचं किती?

७ सप्टेंबर २००८. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला पहिलाच सामना, आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या टॉम ब्रेडीचा गुडघा निकामी झाला. ब्रेडी क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हाती असणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू. आदल्या वर्षी याच ब्रेडीने ५० टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात गुण मिळवून देणारे पास) टाकून विक्रम केला होता, संघाने साखळीतले १६ च्या १६ सामने जिंकले होते. त्याच्या जागी आला मॅट कॅसल. शालेय शिक्षण संपल्यापासून एकाही सामन्यात हा गडी सुरुवातीचा क्वार्टरबॅक नव्हता, कॉलेजातही राखीवच. तरी त्या हंगामात पेट्रियट्स ११ सामने जिंकले.

मग ब्रेडीचं कौतुक फुकट होतं का? उत्तर देणं सोपं नाही, कारण या खेळाची आकडेवारीच फसवी आहे. क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ त्याच्याच संघाची पुढची फळी समोरच्या धिप्पाड बचावपटूंना रोखून धरते. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, ठरलेल्या वाटेने पळतो आणि अनेकदा तो मागे वळण्याआधीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असतो. जवळचा पास झेलून रिसीव्हर पुढे ५० यार्ड पळाला, तरी ते सगळे यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यावर पडतात!

प्रयोगशाळेत एक घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे, असा नियम. खेळात ही चैन नसते. पण न्यू इंग्लंडमध्ये तसा प्रयोग आपोआप घडला, तोही लागोपाठ दोनदा. २००६ मध्ये ब्रेडीचे टचडाउन पास होते २४. पुढच्या हंगामाआधी रँडी मॉस आणि वेस वेलकर हे रिसीव्हर आले. क्वार्टरबॅक तोच, प्रशिक्षक बिल बेलिचिकही तेच, आणि आकडा थेट ५०. त्यातले २३ एकट्या मॉसने झेलले. २००८ मध्ये उलटं झालं. मॉस, वेलकर, बेलिचिक जागेवर, क्वार्टरबॅक नवा. संघाचे हंगामातले एकूण गुण ५८९ वरून ४१० वर आले. म्हणजे सामन्यामागे ११ गुणांची घट. ती सगळी ब्रेडीची किंमत म्हणता येणार नाही, कारण प्रतिस्पर्धीही बदलले होते. पण ती क्षुल्लकही नाही.

मला यापेक्षा कॅसलची पुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. २००९ मध्ये तो कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ५५ वर घसरलं, १६ टचडाउन पास आणि तितकेच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती. २०१० मध्ये तिथे चढाईची आखणी करायला चार्ली वाइस आले, ज्यांनी पूर्वी ब्रेडीच्या संघात हेच काम केलं होतं. कॅसलचे आकडे झाले २७ टचडाउन पास आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती फक्त ७. एका हंगामानंतर वाइस निघून गेले आणि कॅसलला ती उंची पुन्हा गाठता आली नाही.

आखणीची ताकद प्ले-ॲक्शनमध्ये नीट दिसते. चेंडू धावपटूच्या हातात दिल्याचा बहाणा होतो, मधले बचावपटू फसून दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा तयार होते. तिथे पास टाकणं त्यामानाने सोपं. ही चाल किती वेळा खेळायची हे बहुतेक वेळा प्रशिक्षक ठरवतो.

आता खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये चिप असतात. प्रत्येकाची जागा सेकंदाला १० वेळा नोंदली जाते. रिसीव्हरजवळ बचावपटू किती अंतरावर होता, पास किती लांबचा होता, क्वार्टरबॅकवर दबाव किती होता, यावरून तो पास पूर्ण होण्याची शक्यता काढतात. शक्यतेपेक्षा जास्त पास पूर्ण झाले, तर ते श्रेय क्वार्टरबॅकचं. हिशेब चोख वाटतो, पण त्यात एक गोची आहे. पास झेलू शकणाऱ्या पाच जणांमधला मोकळा माणूस क्षणात हेरणं हे क्वार्टरबॅकचंच कसब. मात्र रिसीव्हर मोकळा म्हणजे पास सोपा, असं धरून हे गणित नेमकं तेच कसब वजा करून टाकतं.