फॅन फिक्शनची आवड : एक खुलासा

फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तका-चित्रपटांतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचणाऱ्यांना केवळ प्रेमप्रकरणेच हवी असतात, हा समज इंदूरच्या मराठी घरांतून, विशेषतः महाविद्यालयीन मुलांच्या पालकांकडून, वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो अर्धवट माहितीवर उभा आहे. प्रेमकथांचा वाटा मोठा आहे हे खरेच. परंतु विज्ञानकथा व अद्भुतरम्य साहित्यासाठीचा २०१९ चा ह्यूगो पुरस्कार मिळवणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर, ज्यांत प्रेमसंबंध केंद्रस्थानी नाहीत अशा कथांसाठी ‘जेन’ हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि नायक जखमी होऊन मित्र रात्रभर त्याच्या उशाशी बसतो एवढ्याच प्रसंगावर बेतलेल्या कथाही आवडीने वाचल्या जातात. मूळ कथेने मोकळ्या सोडलेल्या जागा वाचकाला खुणावतात. आख्यान पाठ असलेला श्रोताही बुवा उत्तररंग कसा रंगवतात हे ऐकायला कीर्तनाला बसतोच की! शिवाय या संकेतस्थळावर लेखक कथेला टॅग, म्हणजे तिचा विषय सांगणारे शब्द, लावतात, वाचक नको ते टॅग गाळतो आणि पुष्कळदा ‘कुडोस’च्या, म्हणजे मिळालेल्या पसंतीच्या, क्रमाने यादी लावतो, त्यामुळे आधीच गाजलेली कथा पुन्हा वर येते आणि नवख्या वाचकाची आवड, त्याच्या नकळत, तिच्याच वळणावर जाते.