रिपोर्ट नॉर्मल, तरी पाऊल बधिर का?

मणक्याच्या ऑपरेशनबद्दल एक समज फार घट्ट बसला आहे. ऑपरेशननंतर पायाला मुंग्या राहिल्या, पाऊल बधिर वाटलं किंवा अंगठा वर उचलेना, की लगेच निष्कर्ष निघतो: सर्जनने नस कापली. क्वचित तसं घडतंही. पण बहुतेक वेळा खरी गोष्ट वेगळी असते, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी रंजक. (ज्याचं पाऊल बधिर आहे त्याने ‘रंजक’बद्दल माफ करावं.)

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली, मणक्यांच्या नळीत, पायांकडे निघालेल्या चेतामुळांचा, म्हणजे नसांच्या मुळांचा, झुपका तेवढा असतो. कंबरेची बहुतेक ऑपरेशनं या झुपक्याच्या आसपास होतात, म्हणून तिथे धोका असतो तो एखाद्या मुळाला. एल-५ (कंबरेच्या पाचव्या मणक्याचं) हे मूळ पाऊल आणि अंगठा वर उचलतं, एस-१ (त्याच्या खालच्या माकडहाडाकडचं पहिलं) चवड्यावर उभं करतं. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी अशा मुळाला दाबते आणि त्यातून सायटिका होतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं.

ही मुळं नाजूक असतात. पायात उतरलेल्या नसांवर जे जाड आवरण असतं ते यांच्यावर नसतं. डुकरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मुळांवर पाऱ्याच्या अवघ्या ५ ते १० मिलिमीटर इतका दाब आला तरी त्यांच्यातल्या बारीक शिरांमधलं रक्त वाहायचं थांबतं. आपला वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो, त्यावरून हा दाब किती किरकोळ आहे ते कळेल. महिनोन्‌महिने गादीखाली चेपलेलं मूळ ऑपरेशनच्या दिवशी आधीच सुजलेलं आणि रक्ताला आसुसलेलं असतं. त्यात गादीचा तुकडा काढायचा तर सर्जनला ते हलकेच बाजूला धरून ठेवावं लागतं. ऑपरेशननंतरचे काही दिवस किंवा आठवडे पायात ज्या चमका आणि मुंग्या येतात, त्यातल्या बऱ्याचशा या सुजेच्या असतात.

मांडीची फक्त बाहेरची बाजू बधिर असेल तर मणक्याकडे बोट दाखवायचीही गरज नसते. ऑपरेशनभर पालथं झोपवल्यामुळे कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ एक नस दबते. ती फक्त त्वचेची नस आहे, ताकदीशी तिचा संबंध नाही, आणि बहुतेकदा ती आपली आपण सुधारते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. बधिर पावलाचा रुग्ण नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घेतो. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं: संवेदनेच्या नसा नॉर्मल. रुग्ण वैतागतो. ‘मग मला काय भास होतोय?’ भास अजिबात नाही. रिपोर्टही खरा आणि बधिरपणाही खरा.

कारण पेशींच्या जागेत आहे. स्नायू हलवणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर मज्जारज्जूच्या आत असतं आणि तिथून तिचा धागा थेट स्नायूपर्यंत जातो. संवेदनेची पेशी मात्र मज्जारज्जूच्या बाहेर, चेतामूळ मणक्यांमधल्या भोकातून जिथे बाहेर पडतं तिथल्या एका गाठीत बसलेली असते. या गाठीला गँग्लियन म्हणतात. तिच्यातून एकच धागा निघतो आणि लगेच दुभंगतो. एक फाटा पायाच्या बोटाकडे जातो, दुसरा मज्जारज्जूत शिरतो. स्पर्शाच्या काही पेशींचा हा दुसरा फाटा मध्ये कुठेही न तुटता थेट मेंदूच्या बुडापर्यंत चढतो. पायाच्या बोटापासून मेंदूच्या बुडापर्यंत एकच पेशी! पेशीचं शरीर लिंबाएवढं मोठं केलं, तर पायाकडे गेलेला तिचा धागा त्याच प्रमाणात अर्धा किलोमीटर भरेल.

एवढ्या लांब धाग्याला लागणारी प्रथिनं बनतात पेशीच्या शरीरात. त्यामुळे धागा कुठेही तुटला तरी नियम एकच: पेशीला जोडलेला भाग जगतो, सुटलेला भाग मरतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून सुटलेल्या भागाचं हे विघटन दाखवलं आणि पुढे चेतामुळं गाठीच्या अलीकडे-पलीकडे कापून कुठला फाटा कोणाच्या जिवावर जगतो ते शोधून काढलं.

हा नियम आता सरकलेल्या गादीला लावा. गादी मुळाला बहुधा गाठ आणि मज्जारज्जू यांच्या मध्ये दाबते. तिथे धागे तुटले तर स्नायूच्या धाग्याचा तिथून पायापर्यंतचा सगळा भाग पेशीपासून सुटतो आणि मरतो. ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून केलेल्या विद्युत तपासणीची सुई, ते पकडते, मात्र दोन-तीन आठवड्यांनंतर. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी ही तपासणी करून नव्या इजेचा पत्ता लागत नाही. संवेदनेच्या पेशीचं उलटं होतं. तिचा मज्जारज्जूकडचा फाटा मरतो आणि पायाकडचा ठणठणीत राहतो, कारण तो अजूनही गाठीतल्या पेशीला जोडलेला असतो. एनसीव्हीचं यंत्र घोट्याजवळ झटका देऊन काही सेंटिमीटरवर तो मोजतं, म्हणजे नेमका हाच जिवंत फाटा तपासतं. निरोप गाठीपर्यंत व्यवस्थित येतो आणि पुढे रस्ता नसतो.

सुधारणेचा वेगही या जागांवरून ठरतो. तुटलेला धागा साधारणपणे दिवसाला १ मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत ६० सेंटिमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे दोन वर्षांच्या आसपासचा हिशेब. इतका काळ नसेविना राहिलेला स्नायू तोवर कामातून गेलेला असतो. तरीही लुळं पडलेलं पाऊल पुष्कळदा काही महिन्यांत उचलायला लागतं. ते कसं? एक तर अनेक धागे तुटलेलेच नसतात, त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टन तेवढं खराब झालेलं असतं आणि ते आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा तयार होतं. दुसरं, वाचलेले शेजारचे धागे स्नायूच्या आत नव्या फांद्या काढून अनाथ झालेले स्नायुतंतू दत्तक घेतात. एक पेशी तिच्या मूळ वाट्याच्या चार-पाच पट तंतू सांभाळू शकते. फिजिओथेरपीने धागा भराभर वाढत नाही. तोवर सांधा आखडू नये आणि उरलेला स्नायू वापरात राहावा, हे काम ती करते.

संवेदनेच्या तुटलेल्या फाट्याला तर जेमतेम वीतभर जायचं असतं, तेव्हा तो आधी पोचायला हवा. तो निघतोही. पण मज्जारज्जूच्या वेशीवर नसांच्या धाग्यांना वेष्टन देणाऱ्या श्वान (Schwann) पेशींचा इलाका संपून मज्जारज्जूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार-पेशींचा सुरू होतो, आणि तिथे वाढ अडते. म्हणून ताकद परत येते, दुखणं जातं आणि पावलावरचा बधिर पट्टा काही जणांत कायमचा राहतो.

दुखणं मात्र लवकर का जातं? १९५८ साली स्मिथ आणि राइट या संशोधकांनी ऑपरेशनच्या वेळी चेतामुळांभोवती नायलॉनचे धागे घालून त्यांची टोकं बाहेर ठेवली आणि नंतर रुग्ण जागा असताना ती ओढली. सायटिकाची जुनी कळ उठली ती मुख्यतः आजारी मुळातून. कळ येते दाह झालेल्या मुळातून. दाब आणि दाह कमी झाला की ती विझते. बधिरपणा मात्र धाग्यांच्या नुकसानीचा असतो, त्याला नवं बांधकाम लागतं.

हे एवढं समजलं की ‘नसा मोकळ्या करणारं’ तेल आणि चुंबकाचे पट्टे यांची किंमत आपोआप कळते. कातडीवर चोळलेलं तेल मणक्यांच्या नळीतल्या मुळापर्यंत पोचत नाही. चुंबक लावून मायलिन चढत नाही. बी-१२ ची इंजेक्शनं ज्याच्या रक्तात बी-१२ कमी आहे त्याला जरूर द्यावीत. चेपलेल्या मुळाचं ते औषध नव्हे.

काही लक्षणांत मात्र वाट बघायची नसते. लघवी अडली किंवा लागल्याचं कळेनासं झालं, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडत चालले, किंवा ऑपरेशननंतर चांगली असलेली ताकद तासागणिक उतरू लागली, तर नळीत रक्त साठून सगळा झुपकाच दबत असण्याची शक्यता असते. त्याच तासाला सर्जनला गाठावं, रात्र असली तरी. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर नसांचा विचार बाजूला ठेवून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, ते त्याच दिवशी तपासून घ्यावं.