टाइम झोन कन्व्हर्टर उत्तर कुठून आणतो?

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना हे तोंडपाठ असते. घोळ होतो तो मार्चमध्ये. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी; मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले नेहमीचे पाच तासांचे अंतर चारवर येते. कन्व्हर्टर हे बरोबर सांगतो, कारण कोणत्या सरकारने कोणत्या तारखेला घड्याळ किती सरकवले याची नोंद कुणीतरी ठेवलेली असते. बेरीज-वजाबाकी हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

ही नोंद म्हणजे टीझेड (टाइम झोन) डेटाबेस. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला. जुन्या युनिक्स संगणकांत अमेरिकेचे डेलाइट सेव्हिंगचे, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याचे, नियम थेट प्रोग्रॅममध्येच लिहिलेले असत. कायदा बदलला की प्रोग्रॅम बदला, असा प्रकार. आणि १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा खरोखरच बदलला. नियम प्रोग्रॅममधून बाहेर काढून साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायचे, ही कल्पना आज अगदी सरळ वाटते. पण तिच्यामुळेच जगातला कोणताही बदल कुणालाही वाचता, तपासता आणि दुरुस्त करता येऊ लागला. पुढे पॉल एगर्ट यांनी हे काम वर्षानुवर्षे सांभाळले. खंड आणि शहर अशी नावे ठेवण्याची पद्धतही त्यांचीच. आपल्या फोनमध्ये भारताच्या वेळेसाठी कोलकाता दिसते ते यामुळे; २००८ पर्यंत तिथे कॅलकटा असे.

हे काम किती नाजूक आहे ते लेबनॉनमध्ये दिसले. २०२३च्या मार्चमध्ये घड्याळे पुढे करायला जेमतेम दोन दिवस उरले असताना सरकारने तो बदल रमजान संपेपर्यंत लांबणीवर टाकला. तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चने आणि काही वृत्तवाहिन्यांनी तो निर्णय मानला नाही. एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या. डेटाबेसची '२०२३बी' आवृत्ती सरकारचा निर्णय घेऊन निघाली, काही दिवसांतच सरकारने माघार घेतली आणि लगोलग '२०२३सी' काढावी लागली. बहुतेक फोन आणि सर्व्हर ज्याच्यावर विसंबून आहेत ते हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. मला ही फार मोठी सार्वजनिक सेवा वाटते, आणि तिचे श्रेय क्वचितच कुणी देते.

जुन्या काळाची माहिती मात्र वेगळ्याच गरजेतून गोळा झाली होती. कुंडली मांडायची तर जन्माच्या वेळी त्या गावात घड्याळ नेमके कोणत्या हिशेबाने चालत होते हे कळावे लागते. पाश्चात्त्य ज्योतिष्यांसाठी टॉमस शँक्स यांनी असे इतिहास संकलित करून छापले होते आणि डेटाबेसच्या टिपणांत त्यांचा उल्लेख होता. सप्टेंबर २०११ मध्ये अ‍ॅस्ट्रोलेब या ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर कॉपीराइटचा दावा ठोकला. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला. ऑक्टोबरमध्ये इंटरनेटचे पत्ते आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनएकडे तो गेला, तो आजही तिथेच आहे. डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था बचावाला उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. ऐतिहासिक वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते, हे तिला मान्य करावे लागले.

आता मुंबईकडे येऊ. १९७०नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद, हा डेटाबेसचा नियम आहे. त्यामुळे मुंबईची स्वतंत्र नोंद त्यात नाही. पण मुंबईची वेळ स्वतंत्र होती. ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. रेल्वे मद्रास वेळेवर धावत होती, म्हणून १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तीच वेळ शहरावर लादली. विरोध इतका झाला की हुकूम मागे घ्यावा लागला. विद्यापीठाने राजाबाई टॉवरच्या घड्याळावर मुंबई वेळच ठेवायचे ठरवले, तर सरकारने त्या घड्याळाच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च थांबवला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, आणि त्याच आठवड्यात जेकब ससून मिलचे कामगार नव्या वेळेविरुद्ध रस्त्यावर उतरले. रेल्वे आणि तारखाते प्रमाणवेळेवर गेले, शहरात मात्र ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५०च्या दशकापर्यंत टिकून राहिली.

त्यामुळे १९४८ साली मुंबईत 'सकाळी ६ वाजता' झालेला जन्म कन्व्हर्टरमध्ये घातला, तर तो ग्रीनिचची वेळ रात्री १२.३० दाखवतो. मूळ नोंद मुंबई वेळेची असेल, तर खरे उत्तर १.०९ आहे. एवढ्या अवधीत कुंडलीतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, साधारण १० अंश पुढे जाते. जुन्या पत्रिकेवर 'मुंबई टाइम' की 'स्टँडर्ड टाइम' हे आधी पाहावे, आणि मुंबई टाइम असेल तर ३९ मिनिटे मिळवूनच आकडा भरावा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतीय वेळ एक तास पुढे होती. ती नोंद डेटाबेसमध्ये आहे, त्यामुळे त्या काळातल्या स्टँडर्ड टाइममधून तो तास हाताने वजा करू नये.