डोमेन म्हणजे शेतजमीन नव्हे

‘डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, घेऊन ठेवा, जमिनीसारखा भाव वाढतोच,’ हा समज बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरीच वर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. विकत घेतलेली जमीन आपली असते. डोमेनची नोंदणी मात्र एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी होते, आणि नूतनीकरण चुकले की ठरावीक मुदतीनंतर ते नाव कोणालाही घेता येते. शहापुरातील एका स्नेह्यांच्या वहीत मी अशी २० नावे पाहिली. प्रत्येकापुढे लाल शाईत नूतनीकरणाची तारीख होती, विकत घेण्यासाठी विचारणा मात्र एकाचीही नव्हती. नावामागे वर्षाला हजार रुपये धरले तरी १० वर्षांत २ लाख रुपये जातात, याचे मला खरोखर वाईट वाटले. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरना विकले गेले, पण तो जगभर कळणारा एकच छोटा शब्द होता. ‘बेळगाव’ आणि ‘कुंदा’ जोडून केलेल्या नावाचे गिऱ्हाईक म्हणजे इथले मोजके मिठाईवाले, आणि त्यांना परवडेल तीच त्याची किंमत. धीर धरावा तो असे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेल तेव्हाच. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेले नाव अडवून बसल्यास तर तंटा-निवारणात नाव हातचे जाऊ शकते.